नवरी उचलायचा मान

साखरपुड्याच्या पंगतीत कडुबाराव बासुंदीची वाटी पुन्हा पुढं करत होते, तेवढ्यात समोर बसलेले दाजी त्यांच्या पोटाकडं टक लावून म्हणाले, "मेव्हणे, सायलीला मांडवात उचलून आणायचा मान मामाचा. पण तुमचं तुम्हालाच उठंना झालंय. यंदा गंगापूरच्या सोमनाथला सांगू काय?"

अख्खी पंगत हसली. वाढपी हसला, त्याच्या हातातली बासुंदी कडुबारावांच्या पँटवर हसली. सोमनाथ म्हणजे कडुबारावांचा चुलतभाऊ, नात्यानं तोही सायलीचा मामाच. उसाची मोळी तो अशी उचलतो, की ऊस आपण होऊन उभा राहतो असं बघणाराला वाटावं. त्यानं नम्रपणे मान खाली घातली, आणि दंड मात्र जरा फुगवले.

आता हे दाजी, म्हणजे फकिरराव, कडुबारावांच्या थोरल्या बहिणीचे, सरूताईंचे यजमान आणि सायलीचे वडील. माणूस तसा देवमाणूस. पण मेव्हण्याला टोचायची संधी दिसली की देव बाजूला राहतो. कारण जुनं आहे. त्यांच्या लग्नात कानपिळीच्या वेळी मिसरूड फुटलेल्या कडुबानं नवरदेवाचा कान असा काही पिळला, की त्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटचे सगळे रंग केव्हाच उडाले, पण कान तेवढा अजून लाल दिसतो. ढगाळ हवेत तो कान ठणकतो, असं दाजी शपथेवर सांगतात. "एकदा वाकून चुकलो म्हणावं, विषय संपला," हे दाजींचं म्हणणं. "कान पिळायचा मान माझा होता, मी घेतला. वाकायचं कशाला?" हे कडुबारावांचं. एवढ्या वर्षांत ना हे वाकले, ना तो कान शांत झाला.

म्हणून बासुंदीची वाटी खाली ठेवून कडुबाराव ताड्कन उठले. ताड्कन म्हणजे एका हातानं शेजाऱ्याचा खांदा आणि दुसऱ्या हातानं खांब धरून. म्हणाले, "दाजी, सायलीला मीच उचलणार. जन्मली तवा पहिली माझ्याच हातात दिली होती."

"तवा ती टोपलीत मावत होती," दाजी म्हणाले.

घरी पुंडलिकनगरला येईपर्यंत कडुबाराव रिक्षात पँटवरची बासुंदी पुसत होते. त्यांच्या पत्नी दीपमालाबाई मात्र बोलत होत्या. "अहो, मागच्या आठवड्यात सिलिंडर दारातून ओट्यापर्यंत नेताना मधी दोनदा बसलात. पोर म्हणजे काय सिलिंडर आहे, मधी टेकवून ठेवायला?"

दुसऱ्या दिवशी ही बातमी गल्लीत फुटली, आणि तिथून पुढं कडुबारावांचं शरीर सार्वजनिक मालमत्ता झालं.

पहिला ताबा घेतला शेजारच्या माऊलीअप्पांनी. अप्पा एसटीतले निवृत्त कंडक्टर. चालत्या गाडीत उभ्यानं आयुष्य काढलेला माणूस. अंगावर मांस औषधालाही नाही. त्यांचं मत ठाम होतं. "कडुबाराव, वजन उचलायच्या फंदात पडू नका. आधी स्वतःचं उतरवा. तुमच्या अंगावर एक नवरी आधीच चढलेली आहे. ती खाली उतरली की दुसरी आपोआप पेलंल. चाला! कार्डिओ म्हणतात त्याला. हृदय बळकट, दम बळकट."

चालायचं ठरलं, पण कुठं? जवळच्या बागेतल्या ट्रॅकला पास लागतो, आणि पाससाठी डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं पत्र. कडुबाराव डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, तो बराच वेळ शोधल्यासारखा फिरवला आणि म्हणाले, "असं पत्र मला देता येणार नाही. आधी थोडे दिवस चाला." कडुबाराव म्हणाले, "त्याच्यासाठीच पास पाहिजे." डॉक्टर म्हणाले, "मग आधी पास काढा." पाटबंधारे खात्यात लिपिक म्हणून कडुबारावांनी स्वतः लोकांना असं पुष्कळदा फिरवलं होतं, पण फिरवून घेणं किती दमवतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. तेवढाच काय तो कार्डिओ झाला.

मग गल्लीतूनच चालणं सुरू झालं. पुढं अप्पा, मागं कडुबाराव, त्यांच्या मागं गल्लीतली कुत्री. पण पुंडलिकनगरात ओळखीचा माणूस सकाळी दारावरून जातो आणि चहा न घेता जातो, असं आजवर झालेलं नाही. एका दारात चहा, दुसऱ्या दारात "नाश्त्याची वेळ आहे, पोहे तरी घ्या", तिसऱ्या दारात आजारी माणूस, त्याला भेटायला बसावंच लागतं आणि बसलं की बर्फी येते. नळाच्या दिवशी तर चालणंच बंद, कारण आमच्या शहरात नळ पंचांग बघून येतो; आला की माणूस वाण्याच्या दुकानात असो की सरणावर, त्यानं उठून घरी जायचं. महिनाभरानं कडुबाराव काट्यावर उभे राहिले. वजन वाढलं होतं.

"ते हाडांचं वाढलंय," अप्पा म्हणाले. "चांगलं लक्षण आहे."

दीपमालाबाईंनी गव्हाचं पोतं दाखवलं. कडुबारावांनी मिठी मारली, डोळे मिटले, जोर केला. पोतं जागचं हाललं नाही. कडुबाराव मात्र पोत्याभोवती अर्धे फिरले.

त्याच वैतागात ते शहागंजला शफीभाईंच्या गादीच्या दुकानात जाऊन बसले. शफीभाई शाळेपासूनचे दोस्त. त्यांचा मुलगा हारिस जिममध्ये लोकांना घडवतो. त्याचे दंड इतके मोठे, की शफीभाई दुकानात जागा कमी पडते म्हणून त्याला आडवा उभा करतात.

"काका, नुस्तं चालून काय होतंय?" हारिस म्हणाला. "चरबी जाती, तिच्याबरोबर ताकदबी जाती. तुम्हाला मॅरेथॉन थोडीच जितायची? पोरगी उचलायची. स्ट्रेंथ पाहिजे, स्ट्रेंथ! हाय इंटेन्सिटी. थोडा वेळ जीव तोडून मेहनत, मग थोडा वेळ आराम. फिर से मेहनत, फिर से आराम."

ही पद्धत कडुबारावांना ओळखीची वाटली. त्यांच्या खात्यात ती पूर्वीपासून चालत आलेली होती, फक्त पहिला भाग सोडून.

जिममध्ये पहिल्याच दिवशी हारिसनं त्यांना बसायला लावलं. कडुबाराव खूश होऊन खुर्ची शोधू लागले. खुर्ची नव्हती, हवेत बसायचं होतं, खांद्यावर लोखंड घेऊन. दुसऱ्या दिवशी त्यांना जिना उतरता येईना म्हणून ते ऑफिसच्या वरच्या मजल्यावरच डबा खाऊन तिथंच पडून राहिले. तिसऱ्या दिवशी हात वर होईना. दीपमालाबाईंनी केस विंचरून दिले. लग्न झाल्यापासून असा प्रसंग आला नव्हता. गल्लीत माऊलीअप्पांनी बोलणं बंद केलं. समोर आले की फक्त म्हणायचे, "दम कुठून आणणार? लोखंडातून दम निघतो का?" आणि चालायला लागायचे.

पण खरं सांगायचं तर फरक पडायला लागला होता. पोतं हाललं. मग उठलं. मग एकदा खांद्यावर गेलं आणि पलीकडून खाली आलं, ते कुणालाच न लागता. कडुबाराव आरशासमोर जास्त वेळ थांबू लागले.

इथं एक प्रश्न उभा राहिला. नेमकं उचलायचं किती? कडुबारावांनी साध्या मनानं सरूताईला फोन केला. "ताई, सायलीचं वजन किती आहे गं?"

पलीकडं ताईनं टीव्ही बंद केला. मग ताईचा बारीक आवाज. "का रे? पोराकडचे काही बोलले का?"

"नाय गं, मलाच पाहिजे होतं."

"लपवू नको माझ्यापासून!" आणि ताई रडायलाच लागली. संध्याकाळपर्यंत दाजींनी मध्यस्थाला फोन केला, मध्यस्थानं व्याह्यांना, आणि व्याही घाबरून म्हणाले, "आमची वजनाबद्दल काहीच तक्रार नाही हो." म्हणजे तक्रार करण्यासारखं काहीतरी आहे, असा दाजींनी अर्थ काढला, आणि मोडता मोडता लग्न वाचलं ते सायलीनं स्वतः चार फोन केल्यामुळं. पाचवा तिनं मामाला केला. "मामा, मलाच विचारायचं ना! पण सांगणार नाय. तुम्ही मला उचला नाही तर ओढत न्या, मी तुमच्याच हातानं जाणार. सोमनाथमामाला मिशा टोचतात."

हे ऐकून कडुबारावांना भरून आलं. आता माघार नव्हती.

वजनाचा अंदाज शेवटी दीपमालाबाईंनी केला. "नुस्ती पोर कोण उचलतं? शालू धरा, दागिने धरा, चुडा धरा, गजरे धरा. आणि नवरी अंग सोडून देते, तेही धरा." शफीभाईंनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "सत्तर किलो का माल बनाते. कापूस, बीच में वाळू. हात, पाय, मुंडी, सब करूंगा. माझ्या दुकानातून खराब माल जात नाय." आणि खरंच, त्यांनी अशी काही नवरी शिवली की गिऱ्हाईक तिला "ताई, जरा सरकता का" म्हणायचे. तिचं वरचं सॅटिनचं कापड हातातून निसटत होतं म्हणून दीपमालाबाईंनी दुकानात येऊन जुनी हिरवी साडी तिला नेसवली, आणि डोक्यावरून पदर घेतला. उघडं डोकं बरं दिसेना.

ती घरी न्यायची कशी? रिक्षावाले थांबायचे, बघायचे आणि जायचे. शेवटी कडुबारावांनी तिला स्कूटरवर मागं बसवलं आणि ओढणीनं स्वतःच्या कमरेला बांधलं. शफीभाईंनी "बिस्मिल्ला" म्हटलं, आणि वरात निघाली.

सिग्नलला शिट्टी वाजली.

"बाईंचं हेल्मेट कुठंय?" हवालदारानं विचारलं.

"साहेब, ही बाई नाय."

"मग कोण आहे?"

"नवरी आहे."

"कुणाची?"

"कुणाचीच नाय. सरावाची आहे."

हवालदार दोन पावलं मागं सरकला. मग पुढं येऊन त्यानं पदराखाली वाकून पाहिलं, बोटानं गाल दाबला, आणि बोट आत गेलं तसा एकदम ओरडला. गर्दी जमली. एका आजीबाईंनी बाटली काढली, "अगं बाई, चक्कर आली का हिला? तोंडावर पाणी मारा!" आणि मारलंही. कापूस पाणी प्याला, नवरीचं वजन तिथंच किलोभरानं वाढलं.

कडुबारावांनी घाम पुसत सगळी हकीकत सांगितली. हवालदारानं ती शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "हे बघा काका, माझी अडचण समजून घ्या. बाई म्हणाल तर हेल्मेट नाही. माल म्हणाल तर दुचाकीवर एवढा माल चालत नाही. तुम्हीच ठरवा काय लिहू."

"काहीच लिहू नका ना साहेब. घर जवळच आहे."

"मग असं करा. उचला आणि पायी न्या. पायी चालणाराला नियम नाय."

बाकी काही इलाज नव्हता. सगळ्या चौकासमोर कडुबारावांनी स्कूटर कडेला लावली, ओल्या नवरीला दोन्ही हातांवर घेतलं, आणि निघाले. लोक बाजूला होत होते. कुणी तरी टाळ्या वाजवल्या. गाड्या हळू होत होत्या. सबंध शहरात कार्डिओ आणि स्ट्रेंथ एकदम करणारा त्या दिवशी तो एकच माणूस होता, आणि त्याला दोन्हीही नको होतं.

घरी पोचायच्या आत त्याचा व्हिडिओ दाजींकडं पोचला होता. फोन आला. "मेव्हणे, नवरी कापसाची असली तर जमतंय म्हणा तुम्हाला. पण सायली कापसाची नाय. सोमनाथला मी तयार राहायला सांगितलंय." फोन ठेवताना दाजी हसत होते आणि बहुतेक कान चोळत होते.

लग्न बीड बायपासवरच्या एका लॉनवर होतं. कडुबाराव फेटा बांधून नवरीच्या खोलीशी उभे राहिले तेव्हा त्यांनी समोर पाहिलं. पूर्वी खोलीतून बोहल्यापर्यंत जायला अंगणाएवढं अंतर असायचं. इथं हिरवळीवरून गालिचा असा गेला होता, की त्या टोकाचा मांडव पार शंभर किलोमीटरवरच्या फर्दापूरला असावा असं वाटत होतं. दोन्ही बाजूंना पाहुणे. डोक्यावर ड्रोन घोंगावत होता. आणि गालिच्याच्या मध्यभागी उभा होता तो या कथेतला खरा खलनायक, ज्याची तयारी ना अप्पांनी करून घेतली होती ना हारिसनं. फोटोग्राफर.

दाजी, सरूताई, सोमनाथ, सगळे बघत होते. कडुबारावांनी गुडघे वाकवले, श्वास घेतला आणि सायलीला अल्लद उचललं. अगदी फुलासारखं. सोमनाथची मान खाली गेली. दाजींचं तोंड उघडं राहिलं. कडुबारावांनी पाऊल टाकलं.

"थांबा मामा!" फोटोग्राफर ओरडला. "फोकस गेला. परत मागं जा."

ते मागं गेले. पुन्हा निघाले.

"स्लो, मामा, स्लो! पळता कशाला? गाण्याच्या ठेक्यावर या."

"कोर टाइट, काका!" डावीकडून हारिस ओरडला.

"दम सोडा, दम!" उजवीकडून माऊलीअप्पा ओरडले. टोमणा सोडून ते बरेच दिवसांनी काही बोलले, तेही अशा वेळी. कडुबारावांनी एकाचं ऐकून पोट आवळलं, दुसऱ्याचं ऐकून श्वास सोडला, आणि दोन्ही एकदम केल्यानं त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की सनईवाला क्षणभर थांबला. सोमनाथ दोन्ही हात पसरून बाजूनं चालू लागला, आंबा पडायची वाट बघणाऱ्या पोरासारखा.

अर्ध्या वाटेत पुन्हा हात वर झाला. "मामा, जरा तिथंच थांबा. ड्रोनची बॅटरी बदलतोय. मामाच्या डोळ्यांत पाणी पाहिजे, क्लोजअप घ्यायचाय."

पाणी आधीच आलं होतं. चालणाऱ्याचा दम असतो, उचलणाऱ्याची ताकद असते. पण भाचीला हातांवर घेऊन पुतळ्यासारखं उभं राहायला काय लागतं, ते दोन्ही पक्षांत कुणालाच माहीत नव्हतं. सायली हातांवरून इंच इंच खाली सरकायला लागली. फेटा डोळ्यांवर आला.

"मामा," सायली कानात कुजबुजली, "ठेवा खाली. मी चालते. कुणाला कळायचं नाय."

"गप गं," कडुबाराव दातांतून म्हणाले. "तुझ्या बापाला कळंल."

मग तिनं एक केलं. मामाच्या गळ्यात दोन्ही हात घट्ट टाकले आणि अंग वर ओढून धरलं. नवरी अंग सोडून देते, हा दीपमालाबाईंचा अंदाज तेवढा चुकला. तेवढ्या आधारानं कडुबाराव उरलेला गालिचा चालून गेले. बॅटरीची वाट न बघता. फोटोग्राफर ओरडत राहिला, त्याच्या अंगावरून गेले म्हटलं तरी चालेल.

पाटाशी येऊन त्यांनी सायलीला हळूच खाली उतरवलं. वाकले, तिचे पाय पाटावर टेकवले, तिला धक्का लागू नये म्हणून तसेच वाकून बाजूला वळले, आणि तिथं कमरेत काहीतरी कुलूप लागल्यासारखं झालं. वर येता येईना. खालीही जाता येईना. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली. नेमके समोर दाजी उभे होते. आणि दाजींच्या पायांकडं तोंड करून, फेटा जमिनीकडं झुकवून, हात गुडघ्यांवर ठेवून कडुबाराव वाकलेले.

पहिल्या मंगलाष्टकाला लोकांनी पाहिलं. दुसऱ्याला कुजबुज सुरू झाली. तिसऱ्याला व्याही म्हणाले, "काय नम्र माणूस! पोरीच्या मामानं असा मान द्यावा?" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सरूताई हुंदका देऊन म्हणाली, "अहो, तो वाकला. माझा भाऊ वाकला!"

दाजींनी खाली पाहिलं. त्यांना विश्वास बसेना. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी ते थांबले होते ती भर मांडवात, दोन्ही घरांसमोर, मंगलाष्टकांच्या चालीवर घडत होती. ते अक्षता टाकायचंही विसरले.

"कडुबाराव, बास," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कानाचं मी केव्हाच विसरलो. उठा."

कडुबाराव उठले नाहीत. कुठून उठणार?

"उठा म्हणतो ना! किती लाजवाल?"

तरी नाही. दाजी गहिवरले, आणि त्यांनी प्रेमानं, पण आतल्या आत बरीच वर्षं साठवलेल्या जोरानं, मेव्हण्याचा कान धरून त्याला वर ओढलं. कमरेत कट्ट असा आवाज झाला. कडुबारावांनी जी किंकाळी फोडली ती नेमकी "सावधान"वर पडली, बँडवाल्यानं इशारा समजून ढोल बडवला, आणि अंतरपाट खाली आला. कडुबाराव सरळ उभे होते. दाजींनी त्यांना मिठी मारली. सोमनाथनं आयुष्यात पहिल्यांदा डोळे पुसले.

सायलीनं हार घालता घालता मान किंचित वळवून विचारलं, "मामा, कंबर ना?"

"गप," मामा म्हणाले. "नवऱ्याकडं बघ."

पुंडलिकनगरात अजून वाद चालू आहे. माऊलीअप्पा म्हणतात, दमानं काम केलं. हारिस म्हणतो, ताकदीनं. दोघंही कडुबारावांना व्यायामाच्या पुढच्या कार्यक्रमासाठी विचारतात, आणि कडुबाराव दोघांचंही ऐकू न आल्यासारखं करतात. कापसाची नवरी दिवाणावर लोड म्हणून पडून असते.

दाजींच्या बैठकीत दारासमोरच एक मोठा फोटो लावलाय. फोटोग्राफरनं बाकी सगळं चुकवलं, पण हे चुकवलं नाही: दाजी ताठ, कडुबाराव काटकोनात, कान दाजींच्या चिमटीत. येईल त्या पाहुण्याला दाजी तो दाखवतात. "आमचे मेव्हणे. भर मांडवात. मी नको नको म्हणत होतो." खरं सांगायचं तर कंबर धरली होती असं सांगावं लागेल, आणि ते सांगितलं की "तरी सोमनाथला सांगू म्हणत होतो" असं दाजी पुन्हा सुरू करतील. म्हणून कडुबाराव काही बोलत नाहीत. फोटोखालच्या खुर्चीत ताठ बसतात, अगदी भिंतीसारखे ताठ.

माहेरपणाला आलेली सायली चहा घेऊन येते. कप ठेवते. आणि बशीखालून मामाच्या हातात हळूच मलमाची ट्यूब सरकवते.